जखम चाटायची का? आधी जीभ कोणाची आणि जखम कोणाची ते बघा

प्रश्न असा आला आहे: बोट कापलं की ते आपसूक तोंडात जातं. घरातली मोठी माणसं म्हणतात, लाळ औषधी असते, जनावरं जखम चाटूनच बरी होतात. यात तथ्य किती? पाळलेला कुत्रा मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याला जीभ लावतो, ते चालू द्यावं का? आणि वडिलांना मधुमेह आहे, त्यांच्या बाबतीत काही वेगळी काळजी घ्यायची का?

मी शल्यचिकित्सक आहे. हाताच्या जखमा, त्यातही चिघळून आलेल्या, हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

धडधाकट माणसाने कागदाने कापलेलं बोट क्षणभर तोंडात घातलं, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. तेवढ्यासाठी दवाखाना गाठायची गरज नाही. बोट धुवा आणि विसरून जा. धोका वाढतो तो तीन कारणांनी. जखम खोल किंवा सांध्यावर असेल. जीभ दुसऱ्याची असेल, त्यातही कुत्र्या-मांजराची. किंवा ज्याला लागलंय त्याचं शरीर जंतूंशी झुंजायला कमी पडत असेल. यातली दोन कारणं एकत्र आली की मी सावध होतो. तिन्ही आली तर रुग्णाला सहसा घरी पाठवत नाही.

मोठी माणसं म्हणतात ते अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवं. लाळ ९९ टक्के पाणी असली तरी उरलेल्या एका टक्क्यात बरंच काही भरलेलं आहे. जिवाणूंचं कवच फोडणारं लायसोझाइम हे विकर (एन्झाइम) त्यात असतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली त्याची ओळख करून दिली होती. जिवाणूंना लागणारं लोह अडवून धरणारं लॅक्टोफेरिन असतं, आयजीए जातीची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) असतात, रक्त गोठायला मदत करणारे घटक असतात. हिस्टॅटिन नावाची छोटी प्रथिनं असतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या थरावर ओरखडा काढला तर हिस्टॅटिनमुळे तो लवकर भरून येतो, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. लाळेतल्या नायट्राइटपासून त्वचेवर नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि तेही जंतूंना मारक असतं.

आता जनावरांचं. लाळग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या जखमा हळू भरतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पेशींची वाढ घडवणारे जे दोन घटक शोधल्याबद्दल स्टॅनली कोहेन आणि रिटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांना १९८६ चं नोबेल मिळालं, ते उंदराच्या लाळग्रंथीत मुबलक असतात. मेख अशी की माणसाच्या लाळेत त्यांचं प्रमाण उंदराच्या मानाने नगण्य आहे. कुत्र्याच्या लाळेवरही १९९० मध्ये कॅलिफोर्नियात काम झालं. ती लाळ ई-कोलाय आणि कुत्र्यांना त्रास देणाऱ्या एका स्ट्रेप्टोकोकसला मारते असं त्यात आढळलं. स्टॅफिलोकोकसवर मात्र तिचा असर जवळजवळ नव्हताच. माणसाच्या कातडीवरच्या जखमा ज्यांच्यामुळे सर्वाधिक चिघळतात त्यांत स्टॅफिलोकोकस वरच्या नंबरावर आहे. ‘कुत्र्याची लाळ जंतुनाशक असते’ असं छातीठोकपणे सांगणारे लोक त्या अभ्यासाचा पहिला अर्धा भाग तेवढा सांगतात.

जीभ चावली गेली तर दोन-तीन दिवसांत मागमूस राहत नाही, मग लाळेत काहीतरी असणारच ना, असाही मुद्दा नेहमी पुढे येतो. लाळेचा वाटा त्यात आहेच. पण तोंडाच्या अस्तराला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि तिथला दाह लवकर ओसरतो. शिवाय गालाच्या आतलं अस्तर आणि दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा एकाच माणसाची घेऊन २०१८ मध्ये तपासली गेली, तेव्हा तोंडातल्या पेशी जखम होण्याआधीपासूनच दुरुस्तीच्या तयारीत असतात असं दिसलं. हा गुण त्या पेशींचा आहे. लाळ चोपडून तो बोटाच्या कातडीला येत नाही.

आणि आता त्याच लाळेत आणखी काय असतं ते. एक मिलिलिटर लाळेत साधारण दहा कोटी जिवाणू असतात. दात स्वच्छ असणाऱ्याच्याही. माणसांच्या तोंडात आजवर सातशेहून अधिक जाती ओळखल्या गेल्या आहेत. एकेका माणसात त्यातल्या शे-दीडशे तरी असतात. तोंडात त्यांचा त्रास होत नाही, कारण लाळ सतत वाहत असते, गिळली जात असते, अस्तराचा वरचा थर झडत असतो, आणि शरीराची त्या जंतूंशी ओळख जुनी असते. बोटातल्या चिरेत यातलं काहीच नाही. वरून कातडी मिटते, आत उबदार ओल राहते, थोडं मेलेलं ऊतक असतं आणि प्राणवायू कमी असतो. हिरड्यांच्या फटीत राहणाऱ्या कितीतरी जंतूंना अगदी अशीच जागा मानवते.

त्यातल्या एकाशी माझी गाठ वारंवार पडते. आयकेनेला कॉरोडेन्स. निरोगी तोंडात राहणारा, संथ वाढणारा जंतू. प्रयोगशाळेत त्याच्या थाळीला ब्लीचिंग पावडरसारखा वास येतो आणि जिथे तो वाढतो तिथे थाळीतल्या जेलीला खड्डे पडतात. माणसाच्या चाव्याच्या जखमांत तो हमखास सापडणाऱ्यांपैकी आहे. चाटण्यानेही तो पोचतो. सायकलवरून पडून अंगठ्याला लागलेल्या एका मधुमेही माणसाने रक्ताळलेला अंगठा चाटला, त्यात आयकेनेलाचा संसर्ग झाला आणि शेवटी अंगठा कापावा लागला, अशी हकिगत २००२ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. असं रोज घडत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ती हकिगत वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. मधुमेह, अंगठा आणि तोंडातला जंतू, तिन्ही गोष्टी तिथे एकत्र होत्या.

या जंतूची खरी अडचण औषधांची आहे. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या बऱ्याच औषधांनी तो मरतो. पण क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल, एरिथ्रोमायसिन आणि त्वचेच्या संसर्गासाठी सर्रास दिलं जाणारं सेफॅलेक्सिन यांना तो दाद देत नाही. म्हणजे डॉक्टरने ‘साधी जखम चिघळली आहे’ असं समजून नेहमीची गोळी दिली, तर रुग्ण औषध घेत राहतो आणि सूज वाढत राहते. तोंडातल्या जंतूंचा संशय असेल तर बहुतेक ठिकाणी पहिली निवड अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांच्या जोडगोळीची असते. ही गोळी घरात उरलेल्या पाकिटातून काढून मनाने सुरू करू नका. इथे सांगितलं ते एवढ्यासाठी, की जखमेला तोंड लागलं होतं ही माहिती किती कामाची असते ते लक्षात यावं.

बोटांबद्दल मी एवढा हट्टी का, तेही सांगतो. बोट मिटणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, एका घट्ट, निसरड्या म्यानातून सरकतात. तळहाताच्या बाजूला, विशेषतः बोटाच्या वळ्यांवर, हे म्यान कातडीच्या अगदी लगत असतं. तिथे झालेली छोटी पण टोकदार जखम त्या म्यानापर्यंत गेलेली असू शकते. एकदा आत पू झाला की तो म्यानाच्या लांबीभर पसरतो आणि दाबामुळे कंडरेचा रक्तपुरवठा तुटतो. अंगठ्याचं आणि करंगळीचं म्यान मनगटाकडे जातं आणि बऱ्याच लोकांत ती दोन्ही तिथे एकमेकांना जोडलेली असतात. त्यामुळे अंगठ्याला लागलेलं करंगळीत उमटलेलंही मी पाहिलं आहे.

हे ओळखायच्या चार खुणा ॲलन कॅनव्हेल या शल्यचिकित्सकाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवल्या आणि त्या अजून तशाच वापरल्या जातात. रुग्ण समोर बसला की मी आधी हात न लावता नुसतं बघतो. बोट किंचित वाकवून धरलंय का? एखादाच भाग न सुजता अख्खं बोट गोलसर फुगलंय का? मग पेनाच्या बोथट टोकाने तळहाताच्या बाजूने कंडरेच्या रेषेवर हलकेच दाबत जातो. दुखरेपणा जखमेपुरता आहे की रेषाभर, ते कळतं. शेवटी बोटाचं टोक धरून अगदी केसभर सरळ करतो. म्यानात पू असेल तर माणूस खुर्चीतून उठतो. चारही खुणा असल्या तर त्याच दिवशी भरती करून शिरेतून औषध सुरू करावं लागतं, आणि बहुतेकांना शस्त्रक्रियाही लागते. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून बघू, असं तिथे चालत नाही.

मुठीवरच्या पेरांच्या जखमाही अशाच फसव्या. मूठ आवळलेली असताना झालेली चीर बोटं सरळ केल्यावर कातडीखाली सरकते. वरून दिसतो अर्ध्या सेंटिमीटरचा ओरखडा, आत सांधा उघडा असतो. गुद्दा मारताना समोरच्याचा दात लागून झालेली जखम हा याचा नमुना, आणि ती सांगताना रुग्ण हमखास ‘दारात बोट सापडलं’ म्हणतो.

नखं कुरतडणाऱ्यांना आणि अंगठा चोखणाऱ्या मुलांना वरचेवर नखुरडं होतं, त्यामागेही हेच आहे. नखाच्या कडेची कातडी सोलली जाते आणि त्या फटीत लाळ दिवसभर झिरपते. सतत ओल्या राहणाऱ्या कातडीची कड पांढरी पडते, फुगते आणि भेगाळते. चाटण्याचं हे नुसतं यांत्रिक नुकसान जंतूंच्या गप्पांत विसरलं जातं. जीभ खरखरीत असते, ती नुकती धरू लागलेली गुठळी आणि खपली उचकटते, आणि थांबलेलं रक्त परत येतं.

मुलाला लागलं की त्याची जखम चोखणारे, तिच्यावर फुंकर घालणारे किंवा तिचा मुका घेणारे पालकही भेटतात. माया समजते, पण इथे लाळ परक्या शरीराची आहे. ओठावर तापाचे फोड येणाऱ्यांच्या लाळेत हर्पिसचा विषाणू असू शकतो, फोड दिसत नसतानाही. तो मुलाच्या सोललेल्या बोटात शिरला तर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठतो आणि बोट ठणकतं. हे हुबेहूब नखुरड्यासारखं दिसतं. फरक ओळखायला हवा, कारण नखुरड्यातला पू चिरा देऊन काढतात, तर हर्पिसच्या बोटाला चिरा देणं टाळायचं असतं. दिला तर विषाणू पसरतो आणि वर जिवाणूंनाही वाट मिळते. घशातला ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस हा दुसरा पाहुणा. घसा दुखत नसलेल्या शाळकरी मुलांतही साधारण आठ-दहांत एखाद्याच्या घशात तो सापडतो, मोठ्यांत त्याहून कमी. कातडीत शिरला तर झपाट्याने पसरणारी लाली, ताप, आणि क्वचित ऊतक कुजवणारा भयानक संसर्ग त्याच्यामुळे होतो. दवाखान्यात जखम शिवताना आम्ही तोंडावर मास्क लावतो तो याच घशातल्या जंतूंसाठी. तेव्हा फुंकर गुडघ्याशेजारच्या धडक्या कातडीवर घाला.

उलट्या दिशेचा धोकाही असतो. दुसऱ्याची जखम चोखणाऱ्याच्या तोंडात त्याचं रक्त जातं. हिरडीतून रक्त येत असेल किंवा तोंड आलेलं असेल तर हिपॅटायटिस बी आणि सी यांची शक्यता धरावी लागते. एचआयव्ही नुसत्या लाळेतून पसरत नाही. पण रक्त आलं की हिशोब बदलतो. साप चावल्यावर विष चोखून काढण्याचा प्रकारही सोडून द्या. विष बाहेर येत नाही, जखमेत तोंडातले जंतू जातात आणि रुग्णालयात पोचायला लागणारा वेळ वाया जातो.

आता कुत्रा. इथे मी दोन धोके वेगळे करतो, कारण त्यांचं वेळापत्रक वेगळं आहे.

पहिला रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत, धडक्या कातडीला कुत्र्याने चाटलं तर तो पहिला वर्ग: धुवायचं, लस नाही. पण फाटलेल्या कातडीला, किंवा डोळे, ओठ, तोंडाच्या अस्तराला त्याची लाळ लागली तर तो थेट तिसरा वर्ग, म्हणजे खोल चाव्याच्या बरोबरीचा. लोकांना हे खरं वाटत नाही. ‘चावला नाही हो, नुसतं चाटलं’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. विषाणू लाळेत असतो; दात हे त्याला आत ढकलायचं एक साधन आहे, आणि कातडी आधीच उघडी असेल तर तेवढीही गरज उरत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जगभरात वर्षाला अंदाजे ५९ हजार लोक यात जातात, आणि त्यांतल्या ९९ टक्क्यांना तो कुत्र्याकडून आलेला असतो. लक्षणं यायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्ष. हाच अवधी लस देऊन जीव वाचवायचा असतो.

म्हणून उघड्या जखमेला अनोळखी, भटक्या किंवा लस न दिलेल्या प्राण्याची जीभ लागली तर लगेच साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं. घड्याळ लावून करा. अंदाजाने केलेली १५ मिनिटं प्रत्यक्षात दोन भरतात. मग पोव्हिडोन आयोडीन लावा आणि त्याच दिवशी लस घ्या. तिसऱ्या वर्गात लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, आधी कधी लस घेतलेली नसेल तर. कुत्रा किंवा मांजर डोळ्यांसमोर असेल तर त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवतात. तो ठणठणीत राहिला तर पुढचे डोस डॉक्टर थांबवू शकतात. पण दहा दिवस बघू आणि मग लस सुरू करू, असा उलटा क्रम नको. घरच्या, नियमित लसी झालेल्या, बाहेरच्या प्राण्यांत न मिसळणाऱ्या कुत्र्याबाबत धोका फार कमी असतो. तरी त्याचं लसीचं कार्ड घेऊन डॉक्टरांना विचारा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

दुसरा धोका जिवाणूंचा, आणि तो लस झालेल्या लाडक्या कुत्र्याकडूनही तेवढाच. पाश्चुरेला हा जंतू बहुतेक मांजरांच्या आणि कितीतरी कुत्र्यांच्या तोंडात असतो. त्याची ओळख म्हणजे घाई. एरवी जखम चिघळायला दोन-तीन दिवस लागतात. पाश्चुरेलात सकाळची जखम रात्रीपर्यंत लालभडक, सुजलेली आणि हात लावू न देणारी होते. गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा बसवलेल्यांच्या पायावरची जखम पाळीव प्राण्याने चाटली आणि संसर्ग रक्तातून त्या सांध्यात जाऊन बसला, अशी उदाहरणं नोंदलेली आहेत.

कॅप्नोसायटोफेगा कॅनिमॉर्सस हे नाव जड आहे, पण ज्यांच्या घरात कुत्रा आणि आजारी माणूस दोन्ही आहेत त्यांनी ते एकदा वाचून ठेवावं. अनेक निरोगी कुत्र्यांच्या तोंडात हा जंतू असतो. निरोगी माणसाला तो सहसा काही करत नाही. पण ज्यांची प्लीहा (स्प्लीन) काढलेली आहे, जे भरपूर दारू पितात, ज्यांचं यकृत खराब आहे किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्यांच्या रक्तात तो घुसला तर काही तासांत रक्तदाब कोसळतो, कातडीवर जांभळे डाग उठतात, बोटं काळी पडतात. असा रक्तसंसर्ग झालेल्या दहांतले साधारण तीन जण दगावतात. लक्षणं बहुधा चाटल्या-चावल्यापासून तीन ते पाच दिवसांनी येतात, तोवर मूळची जखम भरून विसरलीही गेलेली असते. जर्मनीत एका ६३ वर्षांच्या, आधी तब्येतीची काही तक्रार नसलेल्या गृहस्थाला कुत्रा चावला नव्हता, फक्त चाटला होता, आणि ते यात गेले. इतकं दुर्मीळ प्रकरण सांगून कोणाच्या घरातला कुत्रा बाहेर काढायला लावायचा नाही. पण प्लीहा नसलेल्या माणसाला ताप आला तर कुत्र्याचा विषय डॉक्टरांकडे निघालाच पाहिजे.

तेव्हा मुलाच्या गुडघ्याचं उत्तर: चाटू देऊ नका. गुडघा धुवा, झाका, खपली धरेपर्यंत कुत्र्याला त्या पायापासून लांब ठेवा. कुत्र्याच्या स्वतःच्या जखमेलाही हेच लागू आहे. तो चाटतो कारण त्याच्याकडे पाणी आणि पट्टी नाही. माती निघते, थोडे जंतू मरतात, रानात तेवढ्यावर भागत असेल. घरात मात्र सतत चाटून तो टाके उचकटतो, आणि काही कुत्रे पायाचा एकच भाग महिनोन्‌महिने चाटून तिथे जाड, न भरणारं चट्टं करून घेतात. पशुवैद्य गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालतात ती यासाठीच. ती १०-१४ दिवस राहू द्या; बिचारा वाटतो म्हणून पहिल्याच रात्री काढू नका.

वडिलांबद्दल. साखर वाढलेली असताना पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत उशिरा पोचतात आणि त्यांना नीट गिळत नाहीत. पायाच्या नसा बधिर असतील तर जखम झालेलीच कळत नाही. कुत्रा झोपलेल्या माणसाचा तळवा चाटतोय, कुरतडतोय, आणि माणसाला जाग नाही, हे बधिर पायांच्या बाबतीत खरोखर घडतं. त्यांना झोपताना मोजे घालायला सांगा, कुत्र्याला त्यांच्या पायथ्याशी झोपू देऊ नका, आणि रोज रात्री तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः बघा. त्यांना दिसत नाही आणि वाकवत नाही, हे ते कबूल करणार नाहीत. पायाची कुठलीही उघडी जखम, लहान असली तरी, एक-दोन दिवसांत दाखवा. चाटलेली असेल तर त्याच दिवशी.

लाळेऐवजी करायचं काय, तर फार काही नाही. हात धुवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मधूनमधून उचलून बघू नका. मग पिण्याच्या पाण्याची धार पाच मिनिटं. साध्या जखमांसाठी पिण्याजोगं नळाचं पाणी सलाइनपेक्षा कमी पडत नाही, हे तपासलेलं आहे. साबण जखमेभोवतीच्या कातडीला. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेच्या आत ओतू नका. फेस बघून समाधान होतं, पण नव्या पेशीही मरतात. नंतर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि पट्टी. जखमेला हवा लागू द्यावी, ती कोरडी करावी, हा समज जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरच्या प्रयोगांत खोडून काढला: झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगाने चढली. लाळेने जी ओल मिळते असं वाटतं ती जेलीने मिळते, जंतूंशिवाय.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचा हिशोबही बघून ठेवा. लाळेने माखलेली जखम या हिशोबात ‘अस्वच्छ’ धरतात. तशा जखमेसाठी शेवटच्या डोसला ५ वर्षांहून जास्त झाली असतील तर नवा डोस लागतो. स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी ही मुदत १० वर्षांची.

पुढचे दोन-तीन दिवस जखमेवर नजर ठेवा. पहिल्या दिवसाची थोडी लाली आणि सूज ही भरण्याची खूण आहे. दुसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होत गेलं पाहिजे. वाढत असेल तर काहीतरी बिघडलंय. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहा. चार-सहा तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर दाखवायला जा. हातावर वर चढणारी लाल रेष, काखेत किंवा जांघेत आलेलं अवधाण (दुखरी गाठ), थंडी वाजून ताप, पू, बोट सरळ करता न येणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. जखम इवलीशी आणि वेदना असह्य, असं जुळत नसेल तर सगळ्यात आधी पळा. ऊतक कुजवणारा संसर्ग कातडीवर दिसण्याआधी असाच दुखतो. आयकेनेलासारखे जंतू मात्र सावकाश डोकं वर काढतात, कधी आठवड्याने. तेव्हा बरी होत आलेली जखम परत ठणकू लागली तरी ती पुन्हा दाखवा.

दवाखान्यात गेल्यावर, बोट तोंडात घातलं होतं किंवा कुत्र्याने चाटलं होतं, हे न विचारता सांगा. लोक लाजतात किंवा त्यांना ते सांगण्याजोगं वाटत नाही. पण तेवढ्या एका वाक्यावर आम्ही औषध बदलतो, पू तपासायला देताना प्रयोगशाळेला नमुना जास्त दिवस ठेवायला सांगतो, आणि रेबीजची लस द्यायची की नाही ते ठरवतो.